मन पळेल तिथून परत (गीता 6.26)



आजच्या वाचनात सहाव्या अध्यायातला 26 वा श्लोक आला. अर्थ थोडक्यात असा: हे चंचल मन ज्या ज्या निमित्ताने बाहेर धावेल, तिथून तिथून त्याला आवरून परत आत्म्यापाशी आणावं. माऊली ज्ञानेश्वरीत इथे अजून मोकळीक देतात. मन राहतच नसेल तर सोडून द्या त्याला, जाईल तिथून तुमचा नेमच त्याला परत घेऊन येईल, आणि असं होता होता त्याला स्थिर राहण्याची सवय लागेल. म्हणजे मन पळणार हे धरूनच चाललेत.

या श्लोकाचा अभ्यास मी गेला आठवडाभर जरा विचित्र रीतीने केला. एक अल्बम ऐकला.

आपल्या नंदुरबारहून सुरतेला गाडी बदलली की अहमदाबाद. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. मूग सिंथेसायझर आणि टेप रेकॉर्डर. 1972 पर्यंत तिथे आपल्याच लोकांनी ध्वनिमुद्रणं केली, मग टेपा तशाच पडून राहिल्या. पुढे पॉल पर्गस यांना त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि 2023 मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ नावाने अल्बम निघाला. त्यात गीता साराभाईंच्या रचना आहेत. या बाई पखवाज वाजवायच्या. 1946 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं. संगीत कशासाठी, असं केजनी विचारलं, तेव्हा बाईंनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत करून ते ईश्वरी प्रभावाला उघडं करण्यासाठी. पुढे 1952 मध्ये केजनी साडेचार मिनिटं वादकाने काहीच न वाजवण्याची रचना केली. ती मंचावर पहिल्यांदा सादर करणारा हाच ट्यूडर! बाईंचा शब्द अमेरिका फिरून अहमदाबादेत परत आला असं मला वाटतं. (हा माझा भाबडेपणा असेल.)

खरं सांगतो, पहिल्या दिवशी पाच मिनिटं निघाली नाहीत. चाल सापडेना, ताल सापडेना. एक घुंईं असा आवाज, त्यावर काहीतरी खरवडल्यासारखं. मन लगेच ऑफिसच्या बगकडे, मग हप्त्याकडे. मग ठरवलं, हाच अभ्यास. पळालं की आवाजावर परत आणायचं. चौथ्या संध्याकाळी कळलं की तो एकच सूर एकसारखा नसतो. दोन कंपनं अगदी जवळजवळची असली की त्यांच्यात मंद लाट उठते, फुगते, ओसरते. तंबोऱ्याची जवारी ऐकली असेल त्याला हे सांगायला नको. आणि सप्ताहात वीणेचा पहारा केलेल्याला तर नकोच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. आमचे आप्पा रात्री दोनचा पहारा मुद्दाम मागून घ्यायचे. ऐकायला चिटपाखरू नसायचं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. आप्पांची आठवण दोन वर्षांपासून जाते आहे. मी घरूनच काम करतो, त्यांच्या शेजारच्या खोलीत. दर दहा मिनिटांनी दारात येतात, विचारतात, “कव्हय उना?” सुरुवातीला मी नीट सांगायचो. मग नुसती मान हलवायला लागलो. मग बाहेरचा आवाज बंद करणारा महागडा हेडफोन घेतला. मीटिंगसाठी घेतला, असं घरात सांगितलं. ते खोटं होतं. गंमत म्हणजे मन आवरण्याचा हा सगळा अभ्यास मी तोच हेडफोन घालून करत होतो.

परवा संध्याकाळी अल्बम चालू असताना त्याची बॅटरी संपली. सूर तुटला आणि त्याच जागी आप्पांचा आवाज आला, “कव्हय उना?” कान आठवडाभराच्या सवयीने तसेच उघडे होते. मी न बोलता ऐकत राहिलो. ते थांबले, थोडा श्वास घेतला, आणि हळूच म्हणाले, “जेवना का?”

दुसरा प्रश्न होता. दोन वर्षांत तिथपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

“आतेच उनू, आप्पा. जेवाले बसूत.” दोघं जेवलो. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. काल दिवसभरात मला चारदा तरी कंटाळा आला, एकदा आवाज चढला, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून नुसतं बघितलं. हे लिहिताना ते दोनदा दारात येऊन गेले. पहिल्यांदा उठलो. दुसऱ्यांदा आधी वाक्य पूर्ण केलं, मग उठलो, तोवर ते ओट्यावर जाऊन बसले होते.

उद्या 27 वा श्लोक. राम कृष्ण हरी.