पंच नसलेला खेळ

गोल्फ शिकायचं ठरलं की माणूस आधी दुकानात जातो आणि तिथे भल्यामोठ्या पिशव्या पाहून दबकतो. नियमानुसार एका फेरीत जास्तीत जास्त 14 क्लब बाळगता येतात. पण ती कमाल मर्यादा आहे, तेवढे घ्यायलाच हवेत असं नाही. नवख्याला एक ड्रायव्हर किंवा फेअरवे वुड, एक हायब्रिड, दोन-तीन आयर्न, एखादा वेज आणि एक पटर, एवढा अर्धा संच सहज पुरतो. शिवाय एक हातमोजा, मूठभर लाकडी टी आणि हरवले तरी जीव हळहळणार नाही असे चेंडू. यादी संपली असं वाटतं, पण बाजूच्या खिशात जाणाऱ्या चार किरकोळ वस्तू अजून राहिलेल्या असतात: चेंडूवर खूण करायचं पेन, ग्रीनवर चेंडू उचलण्याआधी मागे ठेवायची चकती, चेंडू आदळून पडलेला खळगा सारखा करायचा छोटा काटा आणि गुण लिहायची पेन्सिल.

या चारपैकी एकही वस्तू चेंडू हातभरसुद्धा पुढे नेत नाही. त्यांचं काम वेगळंच आहे. काटा मागून येणाऱ्यांसाठी, बाकीच्या तिन्ही साक्षीपुराव्यासाठी. झुडपात सापडलेला चेंडू आपलाच आहे ना, हे खुणेवरून कळतं. दुसऱ्याचा चेंडू मारला, तर एकूण फटके मोजून चालणाऱ्या सामन्यात दोन फटक्यांचा दंड बसतो. आणि हा दंड लावायचा कोणी? बहुतेक वेळा, ज्याची चूक झाली त्यानेच.

क्रिकेटमध्ये बॅटची कड लागल्याचं ठाऊक असूनही अंपायरचं बोट वर जाईपर्यंत फलंदाज उभा राहतो, आणि त्याला कोणी फारसं बोल लावत नाही. निर्णय देणं हे अंपायरचं काम. गोल्फचं मैदान मात्र इतकं पसरलेलं आणि खेळाडू इतके विखुरलेले, की प्रत्येकामागे पंच धाडणं शक्यच नाही. म्हणून नियमपुस्तकच सांगतं की नियम स्वतःला लावण्याची जबाबदारी खेळाडूची. नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न इथे दर शनिवार-रविवारी मैदानात उतरतो: कोणी पाहत नसेल, तर खरं का वागायचं?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाला मारून राज्य बळकावतो. पकडलं जाण्याची भीती उरली नाही तर न्यायाने वागणारा एक तरी माणूस सापडेल का, असा त्या संवादातल्या ग्लॉकनचा सवाल आहे. उंच गवतात शिरलेल्या गोल्फरच्या बोटात काही मिनिटं हीच अंगठी असते. पायाने चेंडू इंचभर सरकवला तर कोणाला कळणार?

1925 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे यूएस ओपन चालू होती. पहिल्या फेरीत अकराव्या होलजवळच्या गवतात फटक्याचा पवित्रा घेताना बॉबी जोन्सचा चेंडू किंचित हलला. हलला असं फक्त त्यालाच वाटत होतं. अधिकाऱ्यांनी आसपास विचारलं, कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. निर्णय त्याच्यावर सोपवला गेला आणि त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत राहिले. बरोबरी फोडायला आणखी 36 होल खेळवावी लागली आणि जोन्स एका फटक्याने हरला. पुढे लोक या प्रामाणिकपणाची वाखाणणी करू लागले, तेव्हा तो वैतागला. बँक लुटली नाही म्हणून कोणाची पाठ थोपटतात का, असा त्याचा सूर होता.

जोन्सला त्या गवतात कोण पाहत होतं? आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळं खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. गोल्फच्या जन्मभूमीतलं उत्तर जरा वेगळं आहे. एडिंबरोजवळच्या लीथमध्ये 1744 साली तिथल्या ‘जेंटलमन गोल्फर्स’नी खेळाचे पहिले लिखित नियम केले, एकूण 13. लीथच्या समोर, खाडीपलीकडच्या कर्कॉल्डी गावात अ‍ॅडम स्मिथचा जन्म झाला. अर्थशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध होण्याआधी, 1759 साली, त्याने नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की माणूस स्वतःच्या वागण्याकडे एका निःपक्ष प्रेक्षकाच्या नजरेने पाहायला शिकतो. दोन्ही उत्तरांत साक्षी आतच बसलेला आहे, पण तो तिथे आला कसा याबद्दल मतभेद आहे. उपनिषदातला पक्षी मुळातच तिथे आहे. स्मिथचा प्रेक्षक इतरांच्या सहवासातून घडत जातो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

त्याआधी एक अडचण. आतला साक्षी हेतू पाहतो, गोल्फ मात्र कित्येकदा केवळ घडलेली गोष्ट पाहतो. 2001 च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूझनम आघाडीवरच्या बरोबरीने शेवटच्या फेरीला उतरला. पहिल्याच होलवर त्याने बर्डी केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, आणि दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं की पिशवीत 15 क्लब आहेत. सरावात वापरलेला जादा ड्रायव्हर तसाच राहून गेला होता. त्याने तो वापरलाही नव्हता, तरी दोन फटक्यांचा दंड बसला. 1968 च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे व्हिसेन्झोने सतराव्या होलवर 3 फटके घेतले. सोबत्याने चुकून 4 लिहिले, याने न तपासता सही केली आणि 65 ऐवजी 66 कायम झाले. बॉब गोल्बीशी बरोबरीचा सामना व्हायचा, तो हुकला. टीव्हीवर साऱ्या जगाने ते 3 फटके पाहिले होते, पण कागदावर सही 4 खाली होती. परिणाम नशिबाने ठरतात, तरी आपण माणसाचं मूल्यमापन परिणामांवरूनच करतो, ही विसंगती स्मिथनेही नोंदवली होती. तिला मुळातून उपटून टाकावं असं मात्र तो म्हणाला नाही.

गेल्या दहा वर्षांत या विसंगतीवर खेळाने पुन्हा विचार केला, त्याला कारण झाला कॅमेरा. 2016 च्या यूएस ओपनमध्ये डस्टिन जॉन्सनचा चेंडू पाचव्या ग्रीनवर कणभर हलला. आपण तो हलवला नाही, असं त्याने सांगितलं आणि सोबतच्या रेफरीने ते मान्य केलं. बाराव्या टीवर त्याला कळलं की चित्रफीत पुन्हा तपासली जाणार आहे. शेवटी दंड बसला, तरीही तो जिंकला. पुढच्या वर्षी लेक्सी थॉम्प्सनने चकती ठेवून उचललेला चेंडू किंचित दुसरीकडे ठेवला. ते घरबसल्या पाहणाऱ्या कोणीतरी दुसऱ्या दिवशी ईमेल केली. ऐन शेवटच्या फेरीत तिला 4 फटक्यांचा दंड झाला आणि ती जादा होलवर हरली.

नियमकर्त्यांना इथे दोन वाटा होत्या: आणखी कॅमेरे आणायचे किंवा नजरेला मर्यादा घालायची. त्यांनी दुसरी निवडली. 2018 पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं. 2019 च्या नियमांत ग्रीनवर चुकून चेंडू हलल्याचा दंड गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जागा किंवा अंतर ठरवताना खेळाडूने शक्य तेवढी काळजी घेतली असेल, तर त्याचा वाजवी अंदाज ग्राह्य धरायचा, नंतर चित्रफितीने तो चुकीचा ठरवला तरीही. खेळाडूकडून प्रामाणिकपणा मागावा, सर्वज्ञता नव्हे, असा हा निवाडा आहे.

मैदानावरचा शिष्टाचारही याच 2019 मध्ये थेट पहिल्या नियमात समाविष्ट झाला. नवख्याला ते सगळं एका दुपारी शिकता येतं. दुसरा फटका मारत असेल तर बोलू नये, त्याच्या पटच्या रेषेवर पाय किंवा सावली पडू देऊ नये. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता ‘फोर!’ ओरडावं. हरवलेला चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही तर शोध थांबवावा. मागची मंडळी खोळंबली असतील तर त्यांना पुढे जाऊ द्यावं. उखडलेलं गवत जागच्या जागी बसवावं, बंकरमधली पावलं दाताळ्याने पुसावीत. यांतल्या बहुतेक गोष्टी टाळल्या तरी एरवी दंड नाही. आणि बंकर ज्याच्यासाठी सारखा करायचा तो अर्ध्या तासाने येणार, बहुधा कधी भेटणारही नाही. जोन्सचा प्रामाणिकपणा निदान गुणपत्रिकेवर उतरला, दाताळं फिरवण्याची तर कुठेच नोंद होत नाही.

मग या खेळाने माणसं सज्जन होतात का? इतिहास तसा दाखला देत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्यांना देणारं कलम 1961 पर्यंत होतं. ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 मध्ये घेतला, पहिल्या स्त्रिया 2012 मध्ये. ही माणसं स्वतःच्या पेनल्टीबाबत अप्रामाणिक होती असं नाही. त्यांच्या आतल्या प्रेक्षकाला क्लबच्या फाटकाबाहेरचे लोक दिसतच नव्हते. सहवासातून घडणाऱ्या साक्षीची ही उणीव स्मिथला ठाऊक होती. रूढी माणसाची नैतिक नजर कशी अधू करते, यावर त्याच्या ग्रंथात एक स्वतंत्र भाग आहे.

लीथच्या त्या मंडळींचा वारसा सांगणारा क्लब आज म्युअरफील्डला आहे. स्त्रियांना सभासद करायचा प्रस्ताव तिथे 2016 मध्ये दोन-तृतीयांश मतांअभावी पडला, तेव्हा ब्रिटिश ओपनच्या यजमानांच्या यादीतून म्युअरफील्डचं नाव काढण्यात आलं. पुढच्या वर्षी फेरमतदानात प्रस्ताव मंजूर झाला आणि पहिल्या स्त्रियांना निमंत्रणं गेली 2019 साली, 13 नियम लिहून झाल्यावर 275 वर्षांनी.