बॅटरसी वीजकेंद्र आणि वस्तूची ओळख
लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरील बॅटरसी वीजकेंद्रात 1933 पासून कोळशावर वीज तयार होत असे. 1983 मध्ये ते बंद पडले. पुढे जवळजवळ चार दशके विटांचा हा अवाढव्य सांगाडा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आणि 2022 मध्ये दुकाने, कार्यालये व धनिकांची घरे घेऊन खुला झाला. ही वास्तू ओळखली जाते ती चार पांढऱ्या धुराड्यांवरून; पण काँक्रीट खराब झाल्याने तीही 2014 ते 2017 या काळात पाडून मूळ आकारात नव्याने उभारली गेली. मग ही वास्तू तीच का?

न्याय-वैशेषिक दर्शनांचे उत्तर कडक आहे. अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, अवयवांहून वेगळा, पण त्यांच्यावर आश्रित; एक अवयव गळाला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो. 'ही तीच' हा प्रत्यय मग केवळ सादृश्याचा. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेन आणखी पुढे जातो: चाके, आस, जू यांपलीकडे रथ असा वेगळा पदार्थच नाही, ते व्यवहारापुरते नाव.

ॲरिस्टॉटल कार्याकडे बोट दाखवतो. न पाहणारा डोळा नावापुरताच डोळा. त्या न्यायाने वीजकेंद्र 1983 मध्येच संपले, धुराडी पाडण्याच्या कितीतरी आधी. हे मत सर्वांत सडेतोड, पण वारसा जपणाऱ्या कायद्याला न पेलणारे. 1980 मध्ये वास्तूला संरक्षण मिळाले ते स्थापत्यासाठी, विजेसाठी नव्हे. घर घेणाराही रूपाचेच मोल देतो. राख आणि धूर त्याला नकोच असतो.