विद्येचे मोल आणि घोड्याचा वाटा

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये याची एक लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात दोन व्यवसाय थोड्याच श्लोकांच्या अंतराने येतात. पहिला भृतकाध्यापकाचा, म्हणजे ठरवून वेतन घेऊन शिकवणाऱ्याचा. वेतन देऊन शिकणारा शिष्यही त्याच्याबरोबरच पंक्तीबाहेर ठेवलेला आहे. दुसरा हत्ती, बैल, घोडे आणि उंट यांना वळण लावणाऱ्या दमकाचा, आणि त्याच श्लोकात युद्धविद्या शिकवणारा आचार्यही बसवलेला आहे. या वर्ज्यतेमागच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पना आज मान्य होण्यासारख्या नाहीत. तरीही लेखनाचे मार्गदर्शन आणि घोड्यांच्या सहवासातील कार्यशाळा ही दोन्ही कामे एकाच आवारात शुल्क आकारून करावीत व त्यांवर चरितार्थ चालवावा असे जेव्हा कोणी ठरवतो, तेव्हा यादीतल्या या दोघांचा धंदा तो एकट्याने पत्करतो, आणि विद्या देऊन द्रव्य घेणे धर्माला धरून आहे का, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. धर्म म्हणजे येथे कर्मकांड अभिप्रेत नसून, माणसामाणसांतले आणि माणूस व इतर जीव यांच्यातले नाते ज्या आचरणाने टिकते, ते आचरण अभिप्रेत आहे.

हा प्रश्न तपासण्यासाठी चंडीगडइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबला नवी राजधानी हवी होती म्हणून ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार हे शहर १९५० च्या दशकात वसवले गेले, आणि लाहोरला १८८२ मध्ये स्थापन झालेले पंजाब विद्यापीठ १९५६ पासून येथे नांदू लागले. आज सेक्टर ३४ मध्ये स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांच्या पाट्या एकावर एक लागलेल्या दिसतात. म्हणजे विद्येची दरपत्रके या शहराला नवी नाहीत. दुसरीकडे शहराच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात, पायथ्याच्या मुल्लांपूर, सिसवां या बाजूला शेतघरे पसरलेली आहेत, आणि घोडा हा पंजाबच्या ग्रामजीवनात अजून प्रतिष्ठेचा प्राणी आहे. अशा ठिकाणी एखाद्या लेखकाने चार घोडे पाळून आठवड्याच्या शेवटी कार्यशाळा भरवावी, हे सहज कल्पिता येते. या कार्यशाळांचा जो प्रकार गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत रूढ झाला, त्यात बहुधा स्वारी नसते. सहभागी माणूस घोड्याला खरारा करतो, दोर हाती धरून त्याला चालवतो, आणि आपल्या अंगातला ताण, श्वास व पवित्रा घोडा कसा ओळखतो हे पाहून त्यावर चिंतन करतो किंवा लिहितो.

भारतीय परंपरेत विद्यादानाच्या मोबदल्याचा विचार मुख्यतः दक्षिणा आणि वेतन या दोन प्रकारांनी झाला. दक्षिणा म्हणजे अध्ययन पुरे झाल्यावर शिष्याने ऐपतीप्रमाणे दिलेले द्रव्य. वेतन म्हणजे आधी ठरवलेला आणि न दिल्यास शिकवणे थांबवणारा दर. स्मृतिकारांचा आक्षेप दुसऱ्या प्रकाराला होता, पण तोही सरसकट नव्हता, कारण मनुस्मृतीच्याच दहाव्या अध्यायात जगण्याची दहा साधने सांगितली आहेत आणि त्यांत विद्या ही पहिली आहे. हा भाग आपद्धर्माचा, म्हणजे संकटकाळी चालणाऱ्या आचाराचा, असे भाष्यकार सांगतात. परंतु ज्या समाजात राजाश्रय, अग्रहार आणि वतने उरलेली नाहीत तेथे विद्वानाची आपत्ती कायमचीच म्हटली पाहिजे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त या आक्षेपाला अधिक नेमके रूप मिळाले आहे. तेथे गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य राजाकडून वेतन घेतात, विदूषक त्यावरून त्यांना टोचतो, आणि ज्याची विद्या निव्वळ पोटासाठी आहे तो ज्ञानाचा वाणी होय, असे स्वतः पगारी असलेला गणदासच सुनावतो. त्याचा रोष वेतनावर नाही; वादाला भिऊन, आपल्या विद्येची परीक्षा टाळून नुसती नोकरी टिकवणाऱ्यावर आहे. पगार घेणाऱ्यालाही आपली विद्या पणाला लावता आली पाहिजे, ही अट त्यात गृहीत आहे.

विद्या मिळवण्याचे तीन मार्ग सांगणारे एक सुभाषित संस्कृतात प्रसिद्ध आहे: गुरूची सेवा, भरपूर धन, आणि विद्येच्या बदल्यात विद्या. तिसऱ्या मार्गाचे सर्वांत सुंदर उदाहरण महाभारताच्या वनपर्वात, नलाच्या आख्यानात सापडते, आणि त्याचा संबंध घोड्यांशीच आहे. राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे अश्वाध्यक्ष म्हणून वेतनावर राहतो. विदर्भाकडे रथाने जाताना वाटेत राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकवतो, आणि त्या बदल्यात द्यायचे अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची अंतर्विद्या, नलाकडेच ठेव म्हणून राहू देतो. पुढे नल ती ठेव फेडतो. चाकर आणि धनी हे नाते येथे पुसले जात नाही, वेतनही चालूच असते; तरी विद्येचा व्यवहार त्या वेतनात मावत नाही, तो स्वतंत्रपणे, विश्वासावर होतो. शुल्क घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या बाबतीत ही दोन खाती वेगळी ठेवता येतात का, हे पाहणे अगत्याचे आहे. शुल्काने वेळ, जागा आणि श्रम यांची भरपाई होते; शिष्याला जे उमगते त्याची किंमत त्या पावतीवर लिहिता येत नाही, आणि म्हणून तसे आश्वासनही देता येत नाही.

चंडीगडपासून रस्त्याने साधारण ८५ किलोमीटरवर असलेले आनंदपूर साहिब या विचाराला आणखी एक आदर्श पुरवते. दहावे शीख गुरू गोविंदसिंग यांच्या दरबारात ५२ कवी होते अशी परंपरा आहे, महाभारताच्या काही पर्वांची ब्रज भाषेतील रूपांतरे तेथे झाली, आणि त्याच आवारात घोडेस्वारी व शस्त्रांचा सरावही चालत असे. होळीनंतर भरणारा होला महल्ला १७०१ मध्ये सुरू झाला असे मानतात, आणि त्यात निहंग, म्हणजे गुरूंच्या सैनिकी परंपरेतले शीख, आजही घोड्यांवरून कसरती करतात. लेखणी आणि लगाम यांचे शिक्षण येथे एकत्र होते, पण त्याचा खर्च शिकणाऱ्याच्या खिशातून वसूल होत नव्हता. तो संगतीच्या, म्हणजे शीख भाविकांच्या समुदायाच्या, भेटींतून आणि दसवंधातून, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग समाजाला देण्याच्या प्रथेतून, चालत असे. निहंगांच्या बोलीत घोड्याला जानभाई म्हणतात, आणि भावाला भाड्याने देण्याची कल्पना त्या नात्यात बसत नाही. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेडला झाल्याने हा वारसा मराठी मुलखातही आला, आणि नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या मिरवणुकांत घोड्यांना मान आहे. आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढे धावणारा अश्व स्वाराविना धावतो, आणि जेथे कीर्तन करावे तेथील अन्नही घेऊ नये असे तुकाराम महाराज बजावतात. दोन्हींच्या मुळाशी हाच भाव आहे की काही गोष्टी समाजाने पोसाव्यात, गिऱ्हाइकाने विकत घेऊ नयेत.

या आदर्शापुढे सशुल्क कार्यशाळा खुजी वाटणे स्वाभाविक आहे, परंतु निवाडा करण्यापूर्वी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दक्षिणेचा व्यवहार निर्मळ होता ही समजूत महाभारतच मोडून काढते. मुलाला दूध देता येत नाही इतक्या दारिद्र्यातून द्रोणाचार्य कुरूंच्या आश्रयाला आले, निषादपुत्र म्हणून एकलव्याला त्यांनी शिकवण्याचे नाकारले, आणि न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागितला. राजपुत्रांकडून त्यांनी दक्षिणेत द्रुपदाला बांधून आणवले. ज्या मोबदल्याला आकडा नसतो त्याला मर्यादाही नसते, आणि गुरूचा शब्द हीच जेथे पावती असते तेथे शिष्याला घासाघीस करता येत नाही. त्या मानाने आधी जाहीर केलेले शुल्क जात विचारत नाही, आयुष्यभराचे ऋण लादत नाही, आणि एकदा चुकते केल्यावर शिष्य मोकळा होतो. शीख आचारात नामस्मरण आणि वाटून खाणे यांच्या जोडीला किरत, म्हणजे स्वतःच्या कष्टाची प्रामाणिक कमाई, हे तिसरे कर्तव्य सांगितले आहे. त्या कसोटीवर शिकवून मिळवलेला पैसा भिक्षेपेक्षा हलका ठरण्याचे कारण नाही.

मग शुल्कात दोष शिरतो तो कोठून, याचे उत्तर अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथातील केसिसुत्तात मिळते. केसी हा घोडे वळवणारा बुद्धांना सांगतो की तो काही घोड्यांना मृदूपणे, काहींना कठोरपणे आणि काहींना दोन्ही रीतींनी वळवतो, आणि जो कशानेच वळत नाही त्याला मारून टाकतो, कारण तसे न केल्यास त्याच्या आचार्यकुळाचा लौकिक जाईल. बुद्ध सांगतात की माणसांना वळवण्याची त्यांची रीतही अशीच आहे. जो कशानेच वळत नाही त्याच्याशी ते बोलणे सोडतात, आणि आर्यांच्या विनयात, म्हणजे शिस्तीत, हाच वध होय. या संवादात लेखनमार्गदर्शकासाठी एक अवघड सूचना दडलेली आहे. हस्तलिखिताच्या पहिल्या दोन पानांवर तांबडी रेघ मारून ‘लेख तिसऱ्या पानावर सुरू होतो’ असे समासात लिहिणे, किंवा पुढच्या सत्राचे पैसे न घेता ‘आता वर्षभर वाचन करा’ असे सांगणे, हे ज्याला परवडत नाही त्याची विद्या पैशाने आधीच विकत घेतलेली असते. शुल्क देणाऱ्याला खूश ठेवावे लागते तेथे मृदू आणि कठोर यांतली निवड शिक्षकाच्या हाती राहत नाही, आणि गणदासाच्या मुखातला ज्ञानाचा वाणी तेथे जन्माला येतो.

केसीच्या उत्तराची दुसरी बाजू मात्र घोड्याकडून पाहिली पाहिजे. शिक्षकाच्या लौकिकाची किंमत तेथे घोडा जिवाने चुकवतो, आणि हा धागा आजच्या कार्यशाळेपर्यंत येतो. ‘घोडाच खरा गुरू’ अशी जाहिरात करणे सोपे आहे. पण घोडा गुरू असेल तर दक्षिणा कोणाची, आणि घोडा साधन असेल तर ती जाहिरात खोटी, या पेचातून सुटका नाही. चंडीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ३१ मे २०१९ रोजी हरियाणातील एका प्रकरणात संपूर्ण प्राणिसृष्टीला कायदेशीर व्यक्तित्व असल्याचे जाहीर केले आणि नागरिकांवर प्राण्यांच्या पालकत्वाची जबाबदारी टाकली. कायद्याच्या व्यवहारात त्याचा परिणाम कितीही मर्यादित असो, त्यातला विचार नैतिक दृष्टीने मोलाचा आहे, कारण लहान मुलाच्या नावे मिळालेल्या पैशावर पालकाचा पहिला हक्क नसतो. शिक्षक आपले वेतन ठरवतो, नको असलेला विद्यार्थी नाकारतो. घोड्याला यातले काहीच करता येत नाही. त्याचा नकार कान मागे पाडण्यात, शेपटी झटकण्यात, खरारा लागताच अंग चोरण्यात दिसतो, आणि तो नकार वाचून त्या दिवशीचे सत्र थांबवणे हीच त्या कार्यशाळेतली खरी शिकवण ठरते, मग सहभागी माणसांना पैसे परत द्यावे लागले तरी बेहत्तर.

घोड्याचा वाटा म्हणजे काय, हे पागेतच ठरते. घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत असते, त्यामुळे दोन वेळची चंदी घालून मधला दिवस त्याला माणसांच्या घोळक्यात उपाशी उभे करणे म्हणजे जठरव्रणाला आमंत्रण देणे होय. त्याच्यापुढे दिवसभर वैरण हवी. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर घासून पुन्हा ठोकावी लागते, आणि पंजाबच्या मैदानात पारा ४० अंशांपलीकडे जातो त्या मे-जूनमध्ये दिवस वर आल्यावर घोड्याला सावलीतून बाहेर काढणे योग्य नाही. हे सर्व खर्च गिऱ्हाईक येवो न येवो चालूच राहतात, आणि घोडा म्हातारा झाल्यावर कमाई थांबली तरी पुढची अनेक वर्षे चालू राहतात. प्राण्यांचा व्यापार हा बौद्ध परंपरेने सम्यक् आजीविकेच्या, म्हणजे योग्य उपजीविकेच्या, विरुद्ध मानलेल्या पाच व्यापारांपैकी एक आहे. घोड्याचा सहवास तासावर देणे हा तसा व्यापार आहे की नाही, हे त्या म्हातारपणाची तरतूद आधी झाली आहे की नाही यावर ठरेल.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की विद्येबद्दल पैसे घेणे हा स्वतः अधर्म नाही; पैसा जेव्हा कोणाला शिकवायचे, त्याला काय सांगायचे आणि त्या कमाईचे ओझे कोणी वाहायचे हे ठरवू लागतो, तेव्हा ती उपजीविका विद्याविक्रय होते. म्हणून अशा कार्यशाळेच्या हिशेबवहीत तीन नोंदी दिसल्या पाहिजेत: न परवडणाऱ्यासाठी दसवंधासारखा राखून ठेवलेला वाटा, सत्य बोलल्यामुळे गमावलेल्या शुल्काची सोय, आणि सर्वांच्या आधी वजा होणारा, वृद्धापकाळासह धरलेला घोड्याचा खर्च. या तिन्ही वजावटीनंतर जे उरते ते शिक्षकाने निःसंकोच घ्यावे. आणि काहीच उरत नसेल, तर त्याने लेखनाचे वर्ग शहरातल्या एखाद्या खोलीत भरवावेत आणि घोडे पाळू नयेत.