धुळे, धुलिया, धुये

धुळे शहराचे नाव रोमन लिपीत बराच काळ 'धुलिया' असेच लिहिले गेले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये ते तसे आहे आणि स्वतंत्र भारतात, १९७४ साली निघालेल्या जिल्हा गॅझेटियरच्या शीर्षकातही तेच आहे.

नावे वरून ठरण्याची खानदेशाला जुनी सवय. फारुकी सुलतानांच्या 'खान' या किताबावरून खानदेश, हे एक मत. कान्हदेश किंवा यादवांचा सेउणदेश, ही दुसरी मते. अकबराने १६०१ मध्ये असीरगड जिंकला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून प्रांताला 'दानदेश' म्हटले. ते लोकांत रुजले नाही. पुढे इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि साहेबांचे स्पेलिंग दप्तरात कायम झाले.

रोमन लिपीत ल आणि ळ, दोघांनाही एकच 'एल'. इंग्रजीत ते चालून जाते. पण देवनागरीतल्याच हिंदी मजकुरात 'धुले' आणि 'जलगांव' दिसतात, तेव्हा मन खट्टू होते. अक्षर हाताशी असताना ते का गाळावे?

रोमन स्पेलिंगही आपले आपण ठरवता येते: चीनने १९५८ मध्ये पिनयिन ही स्वतःची रोमन लेखनपद्धती स्वीकारली. पुढे पेकिंगचे बीजिंग झाले आणि पोर्तुगीजांमार्फत रूढ झालेल्या कँटनचे ग्वांगझो. परक्यांनी दिलेली रूपे मागे पडली. मात्र पिनयिन उत्तरेकडच्या प्रमाण चिनीवर बेतलेली आहे. खुद्द ग्वांगझोची कँटनी बोलणारी माणसे गावाचे नाव निराळेच उच्चारतात आणि तो उच्चार सरकारी स्पेलिंगमध्ये उमटत नाही.

खानदेशातही तसेच आहे. इथल्या अहिराणी बोलीत ळ चा य होतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. म्हणून जळगाव हे जयगाव आणि धुळे हे धुये. हिंदीकडे ळ मागणाऱ्या मराठीने अहिराणीचा हा य कुठे नोंदवला आहे?

टपाल, रेल्वे आणि सात-बाऱ्याला एकच ठरलेले नाव लागते, हे खरे. पण गॅझेटियरमध्ये आणि शाळेच्या भूगोलात त्याशेजारी लोकांच्या तोंडचे रूप छापायला काहीच अडचण नाही. गावांच्या नावांतून वसाहतींचा इतिहास शोधणाऱ्या वि. का. राजवाड्यांचे १९२६ साली धुळ्यातच निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. खानदेशातल्या गावोगावची अहिराणी नावे, ती बोलणारी जुनी माणसे आहेत तोवर, टिपून ठेवण्याचे काम याच मातीतून सुरू व्हायला हवे.