वाहनतळाचे भाडे आणि मजुराचा हक्क

एखादा व्यवहार जायज आहे, एवढ्यानेच तो न्याय्यही ठरतो काय? हा प्रश्न मदरशात आम्ही पुष्कळदा चर्चिला होता. त्याचे ओझे मात्र मला अलीकडेच कळले.

काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एका खाजगी रुग्णालयाचे मालक मला भेटले. रुग्णालयाच्या आवारात त्यांनी फरसबंदी करून घेतली होती, पत्र्याचे छप्पर घातले होते आणि पहारेकरी नेमला होता. आता कर्मचाऱ्यांच्या पगारातून दुचाकीमागे दरमहा ३०० रुपये कापावयाचे, असा त्यांचा विचार होता. "मौलाना, जागा माझी, खर्च माझा. यात नाजायज काही नाही ना?" मी म्हणालो, "जागा भाड्याने देणे हा इजारा आहे. जागा ठरलेली, मुदत ठरलेली, भाडे ठरलेले. मग व्यवहार जायज आहे." ते समाधानाने निघून गेले.

पुढच्या महिन्यात त्याच रुग्णालयात रात्रपाळी करणारा एक वॉर्डबॉय नमाज झाल्यावर मागे थांबला. तो म्हणाला, "मौलाना, आमची पाळी सुटते तेव्हा बस नसते. गाडी बाहेर लावली तर उचलून नेतात. आम्हाला कोणी विचारले नाही. पगार हाती आला तेव्हा कळले. तक्रार केली, तर डॉक्टरसाहेब म्हणतात, इमामसाहेबांनीच जायज सांगितले आहे."

मी निरुत्तर झालो. जागेविषयीचे माझे उत्तर चुकीचे नव्हते; परंतु ज्याच्या खिशातून पैसे जाणार होते, त्याच्याविषयी मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाऊ नका, परस्परांच्या राजीखुशीचा व्यापार असेल तर गोष्ट वेगळी, अशी आज्ञा सूरह निसाच्या २९ व्या आयतीत आहे. व्यवहाराचा प्राण ही राजीखुशी आहे. बाजारातील वाहनतळाचे भाडे ज्याला परवडत नाही, तो गाडी दुसरीकडे लावतो. कर्मचाऱ्याला ती मोकळीक कोठे आहे? जागेचा मालक तोच पगाराचाही मालक असतो. नकार दिल्यास रोजीच धोक्यात येईल, या भीतीने जो गप्प बसतो, त्याच्या मौनाला संमती म्हणता येत नाही. भारताच्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमानेही हेच तत्त्व मान्य केले होते: मालकाने पुरविलेल्या सुविधेपोटी कपात करावयाची, तर ती सुविधा कामगाराने स्वीकारलेली असावी आणि कपात तिच्या मूल्याहून अधिक नसावी.

तथापि मालकाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. शहरात जागा महाग आहे. ज्याला आपण 'मोफत' वाहनतळ म्हणतो, त्याचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. पायी येणाऱ्या सफाई कामगार स्त्रीला त्यातून काहीही मिळत नाही. मोटारीतून येणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दररोज एक जागा मिळते. म्हणून प्रत्येक शुल्क हा जुलूमच असतो, असे म्हणता येणार नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात २०१२ पासून कर्मचाऱ्यांसाठी ११ किंवा अधिक वाहनांची जागा ठेवणाऱ्या मालकांवर नगर परिषद दर जागेमागे वार्षिक आकार बसविते. तो स्वतः सोसावा की कर्मचाऱ्यांकडून घ्यावा, हे मालक ठरवितो. ते उत्पन्न ट्राम व सार्वजनिक वाहतुकीकडे जाते; म्हणजे गाडी नसलेल्याचाही त्यात वाटा राहतो.

त्याच देशात दुसरेही चित्र दिसले. २०२० च्या महामारीत सरकारी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी वाहनतळ मोफत करण्यात आला आणि ३१ मार्च २०२२ रोजी ही सवलत संपविण्यात आली. परिचारिका तीच, काम तेच. संकटात जिची अडचण सर्वांना दिसली, तिची अडचण संकट ओसरताच दिसेनाशी का व्हावी?

मालक व मजूर यांच्या कराराचे एक सुंदर उदाहरण कुरआनने सूरह कससमध्ये दिले आहे. मदयनच्या एका वृद्ध गृहस्थाने हजरत मूसा (अ.स.) यांना कामावर ठेवले. मुदत आधीच सांगितली, आठ वर्षे. दहा पूर्ण करणे हे मूसांच्या मर्जीवर सोडले. आणि आपल्याला त्यांच्यावर कष्ट लादावयाचे नाहीत, हे मालकाने न विचारता स्वतःहून सांगितले. अट आधी सांगावी, अधिकाचे ओझे मजुराच्या खुशीवर ठेवावे आणि त्याच्या अडचणीचा विचार मालकानेच प्रथम करावा, हे तीन धडे येथे आहेत. जो मालक ठरलेला पगार कायम असल्याचे सांगतो आणि नव्या कपातीने तोच कमी करतो, त्याने सूरह मुतफ्फिफीनच्या प्रारंभीच्या आयती वाचाव्यात. स्वतः घेताना पुरेपूर माप घेणारे आणि इतरांना देताना कमी देणारे यांना तेथे विनाशाचा इशारा आहे. मजुरी हेही एक मापच आहे.

मी मालकांकडे पुन्हा गेलो आणि माझे उत्तर अपुरे होते, हे कबूल केले. मग जे आधी विचारावयास हवे होते ते विचारले: नोकरी देताना ही अट सांगितली होती काय? रात्री येणाऱ्यास दुसरा मार्ग आहे काय? शिपाई आणि सर्जन यांना एकच दर का? खर्च भागल्यावर उरलेले पैसे कोठे जातात? ते थोडे नाराज झाले. परंतु पुढच्या महिन्यात रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची कपात बंद झाली. इतरांची अद्याप चालू आहे, आणि त्यांच्याविषयी माझे विचारणेही चालू आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची दुकाने, कारखाने, शाळा आहेत. कोणी मशिदींचे विश्वस्त आहेत. सेवक तुमचे बंधू आहेत, त्यांच्यावर शक्तीबाहेरचे ओझे टाकू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारीत आहे. ३०० रुपये मालकाच्या वहीत एक ओळ असते. वॉर्डबॉयच्या घरात ते कित्येक दिवसांचे दूध असते. इमामाकडून 'जायज' हा शब्द घेऊन जाण्यापूर्वी ज्याचे पैसे कापले जाणार आहेत, त्यालाही सोबत आणावे. आणि तो आला नसेल, तर आम्ही उलेमांनी त्याच्याविषयी विचारल्यावाचून उत्तर देऊ नये.