यंत्राने श्रम वाचविले, पण कोणाचे?

सरकीपासून कापूस वेगळा करण्याचे काम ज्यांनी कधी हाताने केले आहे, त्यांना त्यातील कंटाळा सांगावयास नको. अमेरिकेच्या अंतर्भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तर धाग्याला अगदी घट्ट चिकटलेली असे. एका माणसाचा सबंध दिवस जाई, तेव्हा जेमतेम एक पौंड रुई हाती लागे. दोन लाटांमधून कापूस ओढणारी चरखी हिंदुस्थानात फार पूर्वीपासून होती; पण तसल्या लाटांना ही सरकी दाद देत नसे. 1793 मध्ये जॉर्जियातील सॅव्हानाजवळच्या एका मळ्यावर एली व्हिटनी या तरुणाने तारेचे दाते बसविलेला रूळ फिरवून हा प्रश्न सोडविला. दाते अरुंद फटींतून धागा ओढून घेत आणि सरकी मागे राही. दिवसाला पन्नास पौंड रुई निघू लागली.

गुलामगिरी हळूहळू आपोआप नाहीशी होईल, अशी त्या काळी अमेरिकेतील अनेकांची समजूत होती. श्रम वाचविणारे यंत्र आल्यावर ती अधिकच लवकर संपावयास हवी होती. घडले नेमके उलट. सरकी काढण्याची अडचण दूर झाली, परंतु झाडे लावणे, खुरपणे आणि बोंडे वेचणे ही कामे हातानेच करावी लागत. जितका कापूस वेचला जाईल तितका आता विकला जाणार होता. म्हणून वेचणाऱ्या प्रत्येक हाताची किंमत वाढली. आणि तेथील कायद्याने तो हात माणसासह विकत मिळत होता. 1790 मध्ये त्या देशात सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते जवळजवळ 40 लाख झाले. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य एकट्या कापसाचे झाले. 1808 पासून बाहेरून गुलाम आणण्यास बंदी आली, तेव्हा देशांतर्गत बाजार वाढला. व्हर्जिनिया, मेरीलँडमधून सुमारे 10 लाख माणसे अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे नेण्यात आली. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या, हे तेथे नित्याचे झाले. (व्हिटनीला स्वतःला या यंत्रातून म्हणावा तसा पैसाही मिळाला नाही. कोणीही कारागीर त्याची नक्कल करू शकत होता.)

कर्माचा निवाडा निय्यतवर होतो, हे आपण जाणतो. त्या कसोटीवर व्हिटनीला दोषी धरणे मला कठीण वाटते. पण निय्यतचा प्रश्न त्याच्यापाशी थांबत नाही. यंत्राने वाचविलेल्या दिवसाचे काय करायचे, हा निर्णय प्रत्येक मळेवाल्याने स्वतः घेतला. तो दिवस गुलामाच्या विश्रांतीला देता आला असता. त्याऐवजी आणखी जमीन आणि आणखी माणसे घेतली गेली, आणि दोष ‘बाजारा’च्या माथी मारण्यात आला. बाजाराला निय्यत नसते. ती खरेदी करणाऱ्याला असते.

येथे आपल्या बाजूचा हिशेबही लपवून चालणार नाही. पवित्र कुरआनने सूरह अल-बलदमध्ये मान मोकळी करण्याला चढणीची वाट म्हटले आहे, आणि जकातच्या आठ वाट्यांपैकी एक याच कामासाठी ठेवला आहे. तरीही 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि भाव चढले, तेव्हा मुस्लिम इजिप्तमध्ये काय झाले? त्याच तेजीत मुंबईच्या बाजारात आणि वऱ्हाडात पैसा खेळत होता; नाईलच्या काठी मात्र त्या पैशातून सुदानकडून आणलेले गुलाम विकत घेऊन कापसाच्या शेतांवर लावण्यात आले. घेणाऱ्यांमध्ये साधे शेतकरीही होते. ग्रंथ त्यांच्या घरात होता. नफा समोर आला तेव्हा चढणीची वाट सोडून उताराची वाट धरणे त्यांनाही सोपे गेले. आपल्या इतिहासातील हे पान वगळून केवळ पश्चिमेवर लिहिणारे लेख मला अपुरे वाटतात.

कापसासाठी मजुरांची मागणी वाढल्याने दक्षिण कॅरोलायनाने 1803 मध्ये आपले बंदर गुलामांच्या जहाजांना पुन्हा खुले केले. बंदी येण्यापूर्वीच्या त्या घाईत, 1807 मध्ये, चार्ल्सटन बंदरावर उमर इब्न सईद यांना उतरविण्यात आले. ते सेनेगल नदीच्या परिसरातील फुता तोरोचे. अनेक वर्षे दीनी शिक्षण घेतलेले. 1831 मध्ये त्यांनी अरबी भाषेत आपली जीवनकथा लिहिली. तिचा आरंभ त्यांनी सूरह अल-मुल्कने केला. सत्ता आणि मालकी केवळ अल्लाहची, हा त्या सूरहच्या पहिल्याच आयतीचा विषय. आणि अरबीत ‘मुल्क’ व मालकी या अर्थाचा ‘मिल्क’ एकाच धातूपासून येतात. लिहिणारा मात्र कागदोपत्री दुसऱ्या माणसाची मालमत्ता होता. 1864 मध्ये, गुलामगिरी कायद्याने संपण्याच्या एक वर्ष आधी, उमर यांचे निधन झाले.