रात्री चरून गेलेली मेंढरे

पवित्र कुरआनने शेताच्या बांधावरील एका तंट्यालाही आपल्या आयतींत स्थान दिले आहे. सूरह अल्-अंबियाच्या ७८ व ७९ या आयतींत तो प्रसंग येतो. काही लोकांची मेंढरे रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरून पीक चरून गेली आणि दावा हजरत दाऊद (अ.) यांच्यापुढे आला. आयतीतील ‘नफशत’ हे क्रियापद अरबीत जनावरांनी राखणदाराविना रात्री चरण्यासाठी वापरतात. दोष मुक्या मेंढराचा नव्हे, गाफील राखणदाराचा, हे या एका शब्दातच आले.

निवाड्याचा तपशील भाष्यकारांनी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हवाल्याने दिला आहे. हजरत दाऊद (अ.) यांनी भरपाई म्हणून मेंढरे शेतमालकास द्यावीत असे ठरविले. हिशेबाने यात अन्याय नव्हता. पण मेंढपाळाची उपजीविकाच गेली असती. पुत्र हजरत सुलैमान (अ.) यांनी वेगळा मार्ग सुचविला. मेंढरे काही काळ शेतकऱ्याकडे राहावीत, त्यांचे दूध, लोकर व कोकरे त्याने घ्यावीत. तोपर्यंत मेंढपाळाने शेत कसावे, आणि पीक त्या रात्रीसारखे उभे राहिले की ज्याचे त्याला परत करावे.

ज्या हातांनी राखणीत कसूर केली, त्याच हातांना पेरणी करावी लागली. शेतकऱ्यालाही कळप सांभाळणे किती कष्टाचे असते ते उमगले असेल, असे मला वाटते. अल्लाहने ही समज सुलैमान (अ.) यांना दिल्याचे सांगताना निर्णयशक्ती व ज्ञान दोघांनाही दिल्याचे नमूद केले आहे. पित्याने पुत्राचे मत मान्य केले. आपल्या किती घरांत वडीलधारे भरल्या बैठकीत मुलाचे ऐकून आपला शब्द फिरवतील?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली. तेव्हा प्रेषितांनी (स.) दंडक घालून दिला: दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी, रात्री जनावराने केलेले नुकसान जनावराच्या मालकाने भरावे. कोकणातील शाफई बांधवांच्या फिकहमध्ये हाच नियम आहे. हनफी इमामांच्या मते मात्र मोकाट सुटलेल्या जनावराच्या नुकसानीची भरपाई मालकावर येत नाही. तरीही कायद्याने सुटका झाली म्हणजे शेजाऱ्याचा हक्क फिटला, असे कोणी समजू नये. पेरलेल्यातून पाखरू वा जनावर खाते ते शेतकऱ्यासाठी सदका ठरते, ही हदीस खरी आहे. पण ते समाधान शेतकऱ्याने मानायचे आहे, मेंढपाळाने ते त्याला ऐकवायचे नाही.

आपल्याकडे सुगीनंतर खतासाठी रानात मेंढरे बसवतात आणि मोबदला धान्याने किंवा पैशाने देतात. मेंढके बहुधा धनगर बांधव असतात, रान कधी आपले असते. शेजारी हरभरा उभा असतो, रात्री कळप तिकडे वळतो आणि सकाळी काठ्या निघतात, नाहीतर मेंढरे कोंडवाड्यात जातात. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. तीच सवय येथेही लावता येईल. किती रात्री, किती धान्य, शेजारच्या बांधाकडे पहारा कोणाचा, आणि पीक गेलेच तर ते कोण भरून देणार, हे मेंढरे रानात उतरण्यापूर्वी दोन साक्षीदारांसमोर ठरवावे आणि उभ्या पिकाच्या शेजाऱ्यालाही त्या वेळी बोलावून घ्यावे.